नवारीवर ४५४ कोटी वर्षं: बडोद्यात बसून पृथ्वीचं वय मोजायची कृती

खाटेला लावतात ती सुती नवार घ्या, दीड-दोन इंच रुंद, ५० मीटर. बडोद्यात दुकानदाराला ‘पाटी’ म्हटलं की लगेच कळतं. एवढ्या एका पट्टीवर पृथ्वीचा सगळा इतिहास बसतो. पावागडचा काळा दगड, रैयोलीची डायनासोरची अंडी, मही नदीच्या कोतरांतली (घळींतली) माती यांतलं काय कुठं येतं ते मग बोट ठेवून दाखवता येतं. आखायला एक दुपार लागते, चालून पाहायला अर्धा तास, आणि प्रत्यक्ष दगड बघायला दोन-तीन रविवार.

आधी प्रमाण ठरवा

१ मीटर म्हणजे १० कोटी वर्षं. मग १ सेंटिमीटर म्हणजे १० लाख आणि १ मिलिमीटर म्हणजे १ लाख. पृथ्वीचं वय ४५४ कोटी, तेव्हा नवारीची लांबी ४५ मीटर ४० सेंटिमीटर.

पृथ्वीचा इतिहास एका वर्षाच्या कॅलेंडरवर किंवा चोवीस तासांच्या घड्याळावर बसवायची पद्धत जास्त प्रसिद्ध आहे. ऐकायला ती छान वाटते, पण वापरायला अडचणीची. कुठलाही नवा आकडा समोर आला की भागाकार करत बसावं लागतं, आणि ‘३१ डिसेंबरची रात्र’ एवढंच लक्षात राहतं. दशमान प्रमाणात फक्त दशांशचिन्ह सरकवायचं असतं. शिवाय लाख-कोटी आपल्या बोलण्यातलेच आहेत.

इथंच पहिली चूक होते. इंग्रजी मजकुरात आकडे मिलियन-बिलियनमध्ये असतात. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजेच १ अब्ज. डायनासोर ६६ मिलियन वर्षांपूर्वी संपले, म्हणजे ६.६ कोटी. घाईत त्याचे ‘६६ कोटी’ होतात. नवारीवर ही चूक ६६ सेंटिमीटरऐवजी ६ मीटर ६० सेंटिमीटरवर खूण करते, आणि तिथं तर अजून साधा शिंपलाही जन्माला आलेला नाही. प्रत्येक आकडा आधी कोटीत लिहा, त्याला १० नं भागा, आलेलं उत्तर मीटरमध्ये.

मंडळी जमली की कुणीतरी कल्पाचा विषय काढतंच. पूजेच्या संकल्पात ‘श्वेतवाराहकल्पे’ म्हणतो तो कल्प ४३२ कोटी वर्षांचा, म्हणजे या नवारीवर ४३ मीटर २० सेंटिमीटर. आकडा जवळचा आहे हे खरं. पण तो युगांच्या गणितातून आलेला आहे (४३,२०,००० वर्षांचं महायुग, अशी हजार), दगड मोजून नव्हे. हवी तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं खूण करा; पुरावा म्हणून मात्र वापरू नका.

सामान आणि त्यातल्या खोड्या

नवार सुतीच हवी. नायलॉनची ओढली की ताणते आणि सोडली की आखडते, त्यामुळे दर वेळी मोजमाप वेगळं येतं. सुती नवार मात्र पहिल्या पाण्यात आटते. आखून झाल्यावर भिजली आणि दोनच टक्के आटली, तरी ९० सेंटिमीटर म्हणजे ९ कोटी वर्षं गेली. म्हणून आणल्या आणल्या बादलीत भिजवा, न पिळता अगाशीवर (गच्चीवर) वाळवा, आणि मगच मोजा. ५० मीटर घ्यायची ती यासाठीच.

मोजायला ३० किंवा ५० मीटरची फायबरची टेप मिळाली तर उत्तम, बांधकामवाल्यांकडे असते. घरातली ५ मीटरची स्टीलची टेप चालेल, पण ती नऊ वेळा पुढं सरकवावी लागते. दर वेळी अर्धा सेंटिमीटर चुकलात तर शेवटी साडेचार सेंटिमीटरची चूक होते, म्हणजे ४५ लाख वर्षं. मानवाच्या होमो या वंशाचा सर्वांत जुना ज्ञात अवशेष सुमारे २८ लाख वर्षांचा आहे. म्हणजे आपला अख्खा वंश त्या एका चुकीत बुडतो.

यावर उपाय सोपा आहे: आजपासून मागं मोजा. शून्य ‘आज’वर ठेवा आणि पृथ्वीच्या जन्माकडे जा. मग साठत जाणारी चूक जुन्या टोकाकडे जाते. तिथल्या घटनांच्या तारखाच मुळात काही कोटींनी मागं-पुढं असतात, त्यामुळे तिथं चार सेंटिमीटरनी काही बिघडत नाही. पहिल्या मीटरमध्ये मात्र एक मिलिमीटरही सांभाळायचा.

मार्करची शाई सुती कापडात फुटते. तुम्ही मारलेली १ मिलिमीटरची रेघ दोन मिलिमीटर होऊन बसते, म्हणजे २ लाख वर्षं जाड. मोठ्या खुणांना रंगीत दोऱ्याचा आडवा टाका घाला. पहिल्या ७० सेंटिमीटरवर आलेख कागदाची पट्टी चिकटवा आणि तिच्यावर टोकदार पेन्सिलीनं लिहा.

खुणा

आलेख कागदावरचा भाग आधी, कारण जीव इथंच जातो. ‘आज’च्या टोकापासून ३ मिलिमीटरवर आपली जात, होमो सेपियन्स (सुमारे ३ लाख वर्षं). २.६ सेंटिमीटरवर हिमयुगांचा चतुर्थक कालखंड सुरू होतो. ६ ते ७ सेंटिमीटरच्या दरम्यान आपली आणि चिंपांझीची वाट वेगळी झाली. ५० सेंटिमीटरच्या आसपास भारताचा भूखंड आशियाला धडकला. ६६ सेंटिमीटरवर डायनासोर संपले.

शेती, घरं, लिपी, राजे हे सगळं शेवटच्या हिमयुगानंतरचं, म्हणजे ११,७०० वर्षांतलं. नवारीवर ते ०.१२ मिलिमीटर होतं, पेन्सिलीच्या रेघेहून बारीक. तिथं खूण करायचा प्रयत्न करू नका. कापलेलं टोक हीच ती खूण.

आलेख कागद संपला की पुढं, ‘आज’पासून मीटरमध्ये:

१.३० – फुलझाडं (अंदाजे)
२.३३ – पहिले डायनासोर, साधारण
२.५२ – पर्मियन काळाच्या शेवटचा महाविनाश, आजवरचा सर्वांत मोठा
३.७० – चार पायांचे पहिले प्राणी
४.७० – जमिनीवर वनस्पती
५.३९ – कँब्रियनची सुरुवात. यानंतर कवचवाले प्राणी भरभर दिसू लागतात
६.३५ ते ७.१७ – पृथ्वी जवळजवळ पूर्ण गोठण्याचे दोन काळ, मध्ये थोडी उसंत
९.५५ – गोध्र्याचा ग्रॅनाइट
१६.५० – केंद्रक असलेल्या पेशींचे जुने जीवाश्म, अंदाजे
२४.०० – हवेत ऑक्सिजन साठू लागला
३४.८० – पश्चिम ऑस्ट्रेलियातले स्ट्रोमॅटोलाइट, सूक्ष्मजीवांनी रचलेले थर
४०.३० – कॅनडातला अकास्टा नाइस, सर्वांत जुन्या खडकांपैकी
४४.०४ – ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचा झिरकॉनचा कण, सर्वांत जुनं खनिज
४५.४० – पृथ्वी

जिथं ‘अंदाजे’ लिहिलंय तिथं रेघ मारू नका, पट्टा रंगवा. गोध्र्याच्या ग्रॅनाइटचं रुबिडियम–स्ट्रॉन्शियम पद्धतीनं (किरणोत्सारी रुबिडियमचं किती स्ट्रॉन्शियम झालं ते मोजून) काढलेलं वय ९५.५ कोटी, अधिक-उणे २ कोटी असं आहे. म्हणजे ९.३५ ते ९.७५ मीटरपर्यंतचा ४० सेंटिमीटरचा पट्टा. कँब्रियनची खूण मात्र बारीक टाक्याची चालेल, ती तारीख लाखांपर्यंत नेमकी आहे. सगळ्या खुणा सारख्याच जाड काढल्या की सगळ्या तारखा सारख्याच पक्क्या वाटतात. ही चूक छापील तक्त्यांतही सर्रास दिसते.

मोठ्या कालखंडांना चार रंग द्या. जन्मापासून ४०.३ मीटरपर्यंत हेडियन, तिथून २५ मीटरपर्यंत आर्कियन, तिथून ५.३९ पर्यंत प्रोटेरोझोइक, आणि शेवटचे साडेपाच मीटरही न भरणारा फॅनेरोझोइक. आपण ज्याला ‘जीवसृष्टीचा इतिहास’ म्हणतो, म्हणजे मासे, जंगलं, डायनासोर, हत्ती, माणूस, तो सगळा या शेवटच्या तुकड्यात आहे. नवारीचा तो जेमतेम १२ टक्के. उरलेल्या ४० मीटरवर खुणा तुरळक दिसतात म्हणून तिथं काही घडत नव्हतं असं समजू नका. ऑक्सिजनची हवा, खंड, समुद्राची रासायनिक घडण सगळं तिथंच झालं. बघणारा डोळा तेवढा नव्हता.

गुंडाळणं आणि अंथरणं

‘आज’चं टोक आत ठेवून गुंडाळी करा. मग उलगडताना जन्म आधी बाहेर येतो आणि माणूस सर्वांत शेवटी. उलटी गुंडाळलीत तर पोरं पहिल्याच हातात डायनासोर बघून पळतात आणि उरलेली नवार तुम्हाला एकट्यालाच उलगडावी लागते.

पोळातल्या (जुन्या शहरातल्या दाट गल्लीतल्या) घराच्या अगाशीवर ४६ मीटर मावत नाहीत. दहा-दहा मीटरच्या घड्या घालून पाहता येते (एक घडी म्हणजे १०० कोटी), पण घडीत लांबीचा परिणाम जातो. सोसायटीचा रस्ता किंवा कमाटीबागेतली एखादी सरळ वाट, सकाळी गर्दी व्हायच्या आत, बरी. दर पाच मीटरवर दगड ठेवा, वाऱ्यानं पट्टी वळते.

चालायचा वेग: दहा सेकंदांना एक मीटर, म्हणजे सेकंदाला एक कोटी. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि एकानं मोठ्यानं मीटर मोजा. पूर्ण नवारीला ७ मिनिटं ३४ सेकंद लागतात. हा वेग कंटाळवाणा आहे आणि तो तसाच ठेवायचा. सहा मिनिटं सूक्ष्मजीवांशिवाय फारसं काही भेटत नाही. शेवटच्या मिनिटात मासे, झाडं, डायनासोर एकमेकांच्या अंगावर येतात. डायनासोर संपून ६.६ सेकंद झाले की नवार संपते.

बडोद्याचे दगड नवारीवर

शहराखाली गाळ आहे, दगड दिसत नाही. त्यासाठी बाहेर पडावं लागतं. सर्वांत जवळ महीची कोतरं, सिंधरोट किंवा रायकाच्या बाजूला. नदीनं कापलेले मातीचे उभे कडे तिथं दिसतात. त्यांच्या तळाशी सव्वा लाख वर्षांच्या आसपासचा गाळ आहे. घरातला माणूस कड्यासमोर ठिपक्याएवढा दिसतो, आणि नवारीवर तो अख्खा कडा सव्वा मिलिमीटर. कड्याच्या पायथ्याशी उभं राहून फोटो काढू नका, विशेषतः पावसाळ्यात. माती न सांगता सुटते.

कड्याची उंची वर्षांनी भागून ‘वर्षाला इतका मिलिमीटर’ असा हिशेब करायचा मोह होतो. तो करू नये. नदी रोज थोडी-थोडी माती टाकत नाही. एका पुरात हातभर टाकते आणि मग हजारो वर्षं काहीच नाही, किंवा टाकलेलं परत खोदून नेते. मधले लालसर पट्टे म्हणजे माती उघड्यावर पडून मुरल्याचे काळ. वेळ गेला, थर मात्र साठला नाही.

पावागड बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर. माचीकडे गाडी चढते तेव्हा डोंगराला जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हाचा प्रवाह. खाली काळा बेसाल्ट, माथ्याकडे फिकट रायोलाइट. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचाच हा भाऊबंद, दख्खनच्या लाव्हातला. नवारीवर तो ६६ सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे ‘आज’च्या टोकापासून दीड हात. दख्खनच्या लाव्हाचा बहुतांश भाग १० लाख वर्षांच्या आत बाहेर पडला असं मानतात. आजही तो जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, आणि नवारीवर त्याला जागा लागते सेंटिमीटरभर. आपल्याकडे ‘पुरातन काळा पाषाण’ म्हणतात तो पृथ्वीच्या हिशेबात कालचा आहे.

आता रैयोली. बालासिनोरजवळच्या या गावी डायनासोरची अंडी आणि हाडं सापडली. इथल्या हाडांवरूनच २००३ साली राजासॉरस नर्मदेन्सिस ही जात जाहीर झाली. तिथं संग्रहालय आहे. जीवाश्म उचलायचा नाही, खिशात टाकायचा तर नाहीच. बहुतेक लोक अंड्यांचे फोटो काढून परततात. नवार आखलेल्या माणसानं मात्र त्यांच्याखाली काय आहे ते बघावं.

अंडी ज्या थरात आहेत त्याला लॅमेटा म्हणतात. लाव्हाच्या जरा आधीचा तो, धरा ६.८ कोटी. नवारीवर ६८ सेंटिमीटर. बालासिनोर परिसरात हा लॅमेटा थेट गोध्र्याच्या ग्रॅनाइटवर आणि त्याहून जुन्या क्वार्टझाइटवर टेकलेला आहे. ग्रॅनाइट ९५.५ कोटींचा. जिथं दोन्ही एकमेकांना लागलेले दिसतात तिथं दोन बोटं ठेवा, एक वर, एक खाली. बोटांमध्ये अंतर नाही. नवारीवर त्याच दोन बोटांमध्ये ८ मीटर ८७ सेंटिमीटर आहेत. सगळे मासे, दगडी कोळशाची जंगलं, पर्मियनचा महाविनाश, डायनासोरांचा बहुतेक सगळा काळ त्या रेघेत गेला, आणि इथं त्याचं एक पानही उरलं नाही. साठलं असेल तेही झिजून गेलं. अशा सांध्याला विसंगती म्हणतात. खोल जमिनीत थंड झालेला ग्रॅनाइट उघड्यावर यायला त्याच्यावरचा किलोमीटरोगणती खडक आधी झिजावा लागतो. ती रेघ म्हणजे तेवढी झीज आहे.

याच भागात घड्याळाशिवाय वय लावायची युक्तीही शिकता येते. शिवराजपूरच्या मँगनीजच्या खाणी ज्या खडकांत होत्या त्या चांपानेर गटात गोध्र्याचा ग्रॅनाइट घुसलेला आहे. घुसणारा नेहमी नंतरचा. म्हणजे कुठलीही प्रयोगशाळा न गाठता सांगता येतं की चांपानेरचे खडक साडेपंच्याण्णव कोटींपेक्षा जुने. नवारीवर ९.५५ च्या पलीकडे बाण काढा आणि ‘याआधी’ असं लिहा.

पेट्रोलमध्ये डायनासोर असतात हा गैरसमजही इथंच मिटवता येतो. अंकलेश्वरचं तेल १९६० साली सापडलं. खंभातच्या खोऱ्यात ते ज्या चिखलदगडातून आलं तो साधारण ५ ते ५.५ कोटी वर्षांपूर्वीचा. नवारीवर ५० ते ५५ सेंटिमीटर, म्हणजे डायनासोर संपल्यावर एक वीतही न भरणाऱ्या अंतरावर, पण नंतर.

हे आकडे येतात कुठून

युरेनियम–२३८ मधला अर्धा भाग शिसं व्हायला ४४६.८ कोटी वर्षं लागतात. म्हणजे पृथ्वी जन्मली तेव्हा होतं त्यातलं निम्म्याच्या जवळपास अजून शिल्लक आहे. झिरकॉनचा कण तयार होताना युरेनियम आत घेतो आणि शिसं जवळजवळ घेतच नाही. म्हणून त्यात आज सापडणारं शिसं नंतर झालेलं असं धरता येतं. पृथ्वीवरचा जन्माच्या वेळचा खडक उरलेला नाही. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली उल्कांमधल्या शिशावरून ४५५ कोटी, अधिक-उणे ७ कोटी हा आकडा काढला. आज वापरतो तो ४५४ कोटी त्याच्याच उंबरठ्यावरचा आहे.

‘कार्बन डेटिंग करून डायनासोरचं वय काढलं’ असं कुणी म्हणालं तर नवार दाखवा. कार्बन–१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो आणि ५० हजार वर्षांनंतर मोजण्याजोगा उरत नाही. नवारीवर अर्धा मिलिमीटर. ६६ सेंटिमीटरपर्यंत त्याचा हात पोचणं शक्य नाही. लाव्हासाठी पोटॅशियम–आर्गॉनची पद्धत लागते. पोटॅशियम–४० चा अर्धायुष्यकाल १२५ कोटी वर्षं.

माणसाचा इतिहास दिसायला हवा असेल तर: फिरकी

नवारीवर माणूस दिसत नाही ही तक्रार खरी आहे. त्यासाठी प्रमाण शंभरपट मोठं करा: १ मिलिमीटर म्हणजे १,००० वर्षं. मग पृथ्वीचं वय ४,५४० मीटर होतं. एवढी दोरी बडोद्यात घरोघरी असते. उत्तरायणाची (संक्रांतीच्या पतंगांची) ५,००० वारांची फिरकी म्हणजे ४,५७२ मीटर.

साधी, काच न लावलेली दोरी घ्या. मांजा रस्त्यावर अंथरायचा नसतो. स्कूटरवाल्याची मान आणि पक्ष्यांचे पंख दोन्ही कापतो. लेबलावरचे वार दर वेळी पूर्ण भरतात असंही नाही, पण इथं सगळी फिरकी सोडायचीच नाही. टोकापासून अर्ध्या मिलिमीटरवर गुजरातचा सुलतान महमूद बेगड्यानं पावागडच्या पायथ्याचं चांपानेर घेतलं ते १४८४ साल. साडेचार मिलिमीटरच्या आसपास हडप्पाकालीन लोथलचे दिवस. १.१७ सेंटिमीटरवर हिमयुग संपलं. साडेबारा सेंटिमीटर म्हणजे महीच्या कड्याचा तळ, आणि फूटभर सोडलीत की आपली जात सुरू होते. पावागडच्या लाव्हापर्यंत ७२ वार, पतंग नीट वरही गेलेला नसतो. पहिल्या कवचवाल्या प्राण्यांना ५९० वार. गोध्र्याच्या ग्रॅनाइटला हजारांहून थोडे जास्त, म्हणजे बहुतेकांचा पतंग जाईल त्याच्याही पलीकडे, आणि हातातली फिरकी अजून जाडच.

४,९६५ वारांवर पृथ्वी जन्मते. ४,९९५ वारांवर उल्कांमध्ये सापडलेले, सूर्यमालेत तयार झालेले सर्वांत जुने घन कण, ४५६.७ कोटी वर्षांचे. त्यापलीकडे सूर्यमालेचं स्वतःचं असं मोजण्यासारखं काही नाही. वरचे पाच वार किन्ना (पतंगाची कन्नी) बांधायला.